चारचं ऊन आणि कॉफी कलरचं किचन

हल्ली नवं किचन करायचं म्हणून जी जोडपी माझ्याकडे येतात, ती खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढे करतात. फोटो वेगवेगळे असतात, पण किचन एकच असतं! गडद. कुणाला चारकोल हवा असतो, कुणाला नेव्ही ब्लू, कुणाला 'ते नाही का, बाटलीसारखं हिरवं', आणि बहुतेकांना आपला तो सदाबहार कॉफी कलर. फोटोत वरून एक पितळी दिवा लोंबत असतो, ओट्यावर एका बाऊलमध्ये तीन लिंबं असतात आणि त्या घरात कधी कुणी कांदा चिरलाय, फोडणी दिलीय याचा एकही पुरावा नसतो.

मग दोघांतलं कुणीतरी हळूच विचारतं, "पण आपल्याकडे एवढं ऊन! डार्क चालेल ना?"

हा प्रश्न मला फार आवडतो. कारण तो विचारणाऱ्यांच्या मनात दोन अगदी उलटी उत्तरं असतात. एक गट म्हणतो, ऊन आहे म्हणून डार्क नको, किचनची भट्टी होईल. दुसरा म्हणतो, ऊन आहे म्हणूनच डार्क चालेल, लंडनसारखा अंधार थोडाच आहे आपल्याकडे! दोघंही अर्धे बरोबर. उरलेलं अर्धं तुमच्या खिडकीवर अवलंबून असतं आणि खिडकीकडे कुणी बघतच नाही. सगळे कॅटलॉग बघत बसतात.

तसं गडद किचन आपल्याला नवं नाही. २००० नंतरच्या दहा वर्षांत ज्यांनी पुण्या-ठाण्यात फ्लॅट सजवला, त्यांना 'वेंगे' हा शब्द नक्की आठवत असेल. टीव्ही युनिट वेंगे, बेड वेंगे, शू रॅक वेंगे आणि किचन तर वेंगेच! वेंगे हे खरं तर मध्य आफ्रिकेतलं झाड. त्याचं लाकूड इतकं तोडलं गेलं, की आज ते धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या घरात आला तो अर्थात त्या लाकडाचा छापील फोटो, सनमायकावरचा. पुढे त्याचा सगळ्यांना कंटाळा आला, घरोघरी पांढऱ्या चकचकीत शटर्सची लाट आली आणि आता तोच गडदपणा 'एस्प्रेसो', 'स्मोक्ड ओक' अशी भारी नावं लावून परत आलाय.

त्याच्याही आधी जा. वाड्यातलं स्वयंपाकघर आठवा, नाही तर कोकणातलं आजोळ. धुराने काळवंडलेली तुळई, कडप्प्याची फरशी, एक छोटा झरोका. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत शिरलं की डोळ्यांना गार वाटणारा काळोख. त्या काळोखात चुलीपुढे बसून ज्यांचे डोळे गेले, त्यांना विचारलं तर त्या एवढं कौतुक करणार नाहीत, ही गोष्ट वेगळी!

आता मुद्द्यावर येऊ. आधी भट्टीचं बघू.

गडद शटरमुळे किचन तापतं का? हात लावून बघितलं तर शटर तापलेलं असतं, हे खरं. गडद रंग प्रकाश शोषतो, पांढरा परतवतो, हे आपण शाळेतच शिकलोय. पण घराच्या आत हा हिशेब जरा बदलतो. गच्चीवर पांढरा रंग लावला तर ऊन आकाशाकडे परत जातं, म्हणून वरच्या मजल्यावर फरक जाणवतो. किचनमध्ये मात्र ऊन काचेतून आधीच आत आलेलं असतं. पांढऱ्या शटरने ते परतवलं, तरी थोडंसंच खिडकीतून बाहेर जातं. बाकीचं समोरच्या भिंतीवर, ओट्यावर, फरशीवर पडतं आणि तिथे मुरतं. म्हणजे घर तापवते ती काच, कॅबिनेट नव्हे. उष्म्याची काळजी असेल तर पैसे छज्जा, जाळी, बांबूचा पडदा, काचेवरची सन फिल्म यांवर घालवा. त्यासाठी शटरचा रंग बदलून काही होणार नाही.

शटर स्वतः तापतं, त्याचे परिणाम मात्र शटरलाच भोगावे लागतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आता उजेडाचं. शेड कार्डच्या मागे किंवा रंग कंपनीच्या वेबसाइटवर 'एलआरव्ही' असा आकडा दिसेल. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के तो रंग परत देतो, एवढाच त्याचा अर्थ. चांगला पांढरा ८०च्या वर असतो, गडद कॉफी किंवा चारकोल १०च्या आसपास किंवा त्याहून खाली. म्हणजे किचनभर गडद शटर्स लावली, की खिडकीतून आलेल्या उजेडातला बराचसा हिस्सा ती पहिल्याच धडकेत गिळून टाकतात. मग भर दुपारी, बाहेर रणरणतं ऊन असताना, ट्यूब लावून पोळ्या लाटायच्या. हसू नका, अशी घरं मी पाहिली आहेत.

यात आपल्या डोळ्यांचीही एक खोड आहे. बाहेर जितकं लख्ख, तितकी बाहुली बारीक होते आणि आतलं आणखी अंधारलेलं दिसतं. म्हणून खिडकी ज्या भिंतीत आहे, त्याच भिंतीवर गडद कॅबिनेट लावलं तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन काळे ठोकळे उभे राहिल्यासारखं वाटतं. दहा हजार रुपये जास्त मोजून घेतलेली लाकडाची सुंदर रेघ? दिसतच नाही. ग्रेन नाही, हँडल नाही, काही नाही. उजेड त्या शटरच्या पाठीमागून येतोय ना!

तेच गडद शटर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावा. आता उजेड थेट त्याच्या तोंडावर पडतो. कॉफी रंगातला तपकिरी उठून दिसतो, नेव्ही खरोखर निळा वाटतो. एकच शटर, एकच खोली, फक्त भिंत बदलली. म्हणून माझा साधा नियम आहे: खिडकीच्या भिंतीला उजळ, खिडकीसमोर गडद. आणि वरच्या कॅबिनेटपेक्षा खालच्या ट्रॉलींना गडद जास्त शोभतो, कारण डोळ्यांच्या उंचीवरचा उजेड मोकळा राहतो.

झालं? नाही झालं. कारण खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेडाबरोबर ऊनही पडतं आणि ऊन म्हणजे निराळंच प्रकरण.

फोनमधला कंपास उघडा आणि किचनच्या खिडकीत उभे राहा. पूर्वेची खिडकी असेल तर नशीबवान आहात. सकाळचं कोवळं ऊन येतं आणि स्वयंपाक उरकेपर्यंत निघूनही जातं. गडद रंगाला याहून चांगली सोबत नाही. उत्तरेला जवळजवळ दिवसभर एकसारखा, शांत उजेड असतो. दक्षिणेचं गणित मजेदार आहे. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपेपर्यंत तो दुपारी चक्क आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन खोलीत शिरतं. थंडीतलं ऊन, येऊ दे की!

खरी परीक्षा पश्चिमेची. तिथे छज्जा काही करू शकत नाही, कारण दुपारी चारनंतर सूर्य वरून येतच नाही, समोरून येतो. आणि तो जूनमध्ये पश्चिमेपासून जवळपास २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभर उन्हाचा पट्टा आतल्या भिंतीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहतो. गडद शटरवर नेमका हाच पट्टा पडतो.

(मुंबईकरांनो, तुमचं किचन डक्टमध्ये उघडत असेल आणि समोर हाताच्या अंतरावर शेजारच्यांचा एक्झॉस्ट फॅन असेल, तर तुमच्या शहरात कितीही ऊन असो, तुमच्या किचनला ते लागू नाही. तुम्ही उजळ रंगच घ्या, बिनधास्त.)

आणखी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. 'आपल्याकडे एवढं ऊन' असतं ते वर्षाचे आठ महिने! जून ते सप्टेंबर काय करणार? आषाढातली ती दुपार डोळ्यांपुढे आणा. बाहेर करडं, आत करडं, चारलाच दिवेलागण झाल्यासारखं वाटतंय, ड्राय बाल्कनीत कपडे वाळत नाहीयेत. अशा दिवशी चारही बाजूंनी चारकोल किचन असेल तर चहा करायलासुद्धा आत जावंसं वाटत नाही. इन्स्टावरच्या त्या फोटोंमध्ये पाऊस काचेबाहेर असतो आणि आत दहा स्पॉटलाइट चालू असतात. त्यामुळे सँपल एप्रिलमध्ये आवडलं, तर ते एकदा ढगाळ संध्याकाळी, दिवे बंद ठेवूनही बघायचं.

आता एका घराची गोष्ट सांगते. गेल्या वर्षीची. बालेवाडीत नववा मजला, टू बीएचके, किचन आठ बाय दहा. ती खराडीला जायची, तो हिंजवडीला, म्हणजे घर तिलाच जास्त गैरसोयीचं! होम लोन नुकतं सुरू झालेलं. किचनसाठी साडेतीन लाख बाजूला काढलेले, त्यावर एक रुपयाही नाही. आणि पुढच्या जानेवारीपासून त्याची आई साताऱ्याहून कायमची राहायला येणार होती.

तिला कॉफी कलर हवा होता. सगळीकडे. वर, खाली, फ्रिजशेजारच्या उंच कपाटाला, ओटासुद्धा काळा. त्याला पांढरं हवं होतं, हाय ग्लॉस. तीन मीटिंग्ज याच्यावरच गेल्या. तो दर वेळी लॅपटॉपवर नवी लिंक उघडायचा, 'डार्कमुळे खोली लहान दिसते' वगैरे. ती गप्प बसायची आणि शेवटी म्हणायची, "ठीक आहे, तुला हवं ते कर." लग्न झालेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

चौथ्या वेळी ती एकटीच आली. म्हणाली, "ताई, आमच्याकडे पांढऱ्या टाइल्स होत्या. नाशिकला, क्वार्टर्समध्ये. आई रोज रात्री जेवणं झाली की घासायची. आम्ही टीव्ही बघायचो आणि आतून घासल्याचा आवाज यायचा. मला ना, ते पांढरं नकोच आहे. एवढंच आहे माझं. पण हे सांगितलं की सगळे मला उजेडाबद्दल समजावायला लागतात."

मी तिला उजेडाबद्दल काही समजावलं नाही. दोन सँपल शीट्स दिल्या, दोन बाय दोन फुटांच्या. एक कॉफी मॅट, एक पांढरी हाय ग्लॉस. खिडकी पश्चिमेला होती, तिच्याखाली सिंक. उत्तरेच्या लांब भिंतीला ओटा आणि गॅस. खिडकीच्या बरोबर समोर, पूर्वेच्या भिंतीवर, उंच कपाट येणार होतं. दोन्ही शीट्स तिथे टेपने चिकटवा आणि शनिवारी चार वाजता सगळे जण या म्हटलं. सगळे म्हणजे आईसुद्धा.

एप्रिल होता. चारला ऊन आलं, साडेचारला शीट्सवर आलं. कॉफीच्या शीटवर त्याने हात ठेवला आणि लगेच उचलला, विजयी चेहऱ्याने. "बघ, केवढी तापलीय!" तोवर त्याची आई ओट्याच्या जागी जाऊन उभी राहिली होती, कपाळावर आडवा हात धरून. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, "अरे, हे पांढरं डोळ्यांत घुसतंय. मला इथे उभंच राहवत नाहीये."

पांढरं ग्लॉस म्हणजे चार वाजता भिंतीवर लावलेला आरसाच! उजेड परतवतो म्हणून तो घ्यायचा आणि तो नेमका गॅसजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत परतवणार. भरपूर ऊन असलेल्या घरात ही तिरीप अंधारापेक्षा जास्त छळते. आपण फक्त अंधाराची भीती बाळगतो.

मग आईंनी एकच प्रश्न विचारला, "मी भाकरी कुठे थापणार?" खिडकीजवळ, ओट्याच्या कोपऱ्यात, असं ठरलं. लगेच पुढचा, "आणि काळ्या ओट्यावर मोहरी सांडली तर मला दिसेल का गं?" सुनेने ओट्याचा काळा रंग तिथल्या तिथे सोडून दिला. कुणी न समजावता.

वय वाढतं तसा डोळ्यांना जास्त उजेड लागतो आणि तिरीप कमी सहन होते. दोन्ही एकदम. तिशीतल्या डोळ्यांनी निवडलेल्या किचनमध्ये साठीचे डोळे सकाळी साडेपाचला चहा करणार असतील, तर एकदा त्या डोळ्यांना आत उभं करून बघायलाच हवं. आणि सकाळी साडेपाचला सूर्य आलेलाच नसतो, मग तुमची खिडकी कुठल्या का दिशेला असेना.

शेवटी किचन असं झालं: खालच्या सगळ्या ट्रॉली आणि समोरचं उंच कपाट कॉफी, मॅट. वरची कॅबिनेट्स आणि खिडकीच्या दोन्ही बाजू फिक्या बदामी, त्याही मॅट. ओटा राखाडी ग्रॅनाइटचा. काचेला सन फिल्म आणि आत एक रोलर ब्लाइंड. वरच्या कॅबिनेटखाली दिव्याची पट्टी. बजेट बसवायला लॉफ्टची शटर्स पुढच्या वर्षावर ढकलली. तिला 'सगळीकडे कॉफी' मिळालं नाही, पण दारातून आत शिरताना समोर दिसते ती कॉफीच.

आता सामानाबद्दल. याबद्दल दुकानात कुणी फारसं बोलत नाही आणि पैसे नेमके इथेच बुडतात.

उन्हाचा पट्टा ज्या शटरवर येणार, तिथे एमडीएफवर पीव्हीसी फॉइल ओढलेलं 'मेम्ब्रेन' शटर घेऊ नका. गडद तर मुळीच नको. शटर तापतं, फॉइल आणि गोंदाचं जमेनासं होतं आणि कडेने पापुद्रा सुटायला लागतो. गॅसशेजारी आणि ओव्हनच्या बाजूला हे ऊन नसतानाही होतं. उन्हात त्याची घाई होते, एवढंच. एकदा कड सुटली की पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि एमडीएफ फुगतो. त्यापेक्षा प्लायवर एक मिलिमीटरचा लॅमिनेट, कडांना नीट मशीनने केलेलं एज बँडिंग. सिंकखाली तर बॉइलिंग वॉटरप्रूफ प्लायच हवा, आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या. शिक्का बघायला सांगितला म्हणून सुतार रागावला, तर सुतार बदला!

खऱ्या लाकडाच्या व्हिनियरचा मोह होतो, मलाही होतो. पण साधी काच उन्हातले यूव्ही-ए किरण बऱ्यापैकी आत सोडते आणि लाकूड बदलत जातं. गंमत म्हणजे वॉलनटसारखं गडद लाकूड उन्हात आणखी गडद होत नाही, फिकं पडतं. खरं वेंगेसुद्धा तसंच. आणि सगळं एकसारखं नाही, ऊन पडेल तिथेच. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे चौकोन दिसतो, तसा फळीच्या सावलीचा चौकोन तुमच्या महागड्या कपाटावर उमटतो. पश्चिमेच्या किचनमध्ये म्हणून मी व्हिनियर सुचवत नाही. उत्तरेला किंवा आतल्या बाजूला, खुशाल.

ओट्यासाठी हल्ली सगळ्यांना क्वार्ट्झ हवा असतो. दिसतो छान. पण त्यात दगडाच्या चुऱ्याला धरून ठेवायला रेझिन असतं आणि सतत थेट ऊन लागलं की त्याचा रंग पिवळट होऊ शकतो. खिडकीखालच्या उन्हाच्या ओट्याला आपला ग्रॅनाइट बरा. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू सांडलं की डाग धरतो. फोटोतली ती तीन लिंबं त्यावर चिरू नका म्हणजे झालं.

आता रोजच्या पुसापुशीचा विषय. 'डार्कवर घाण दिसत नाही' ही सर्वांत लाडकी थाप. कुठली घाण, ते आधी ठरवा. हळद, चहा, तेलाचा ओघळ गडद रंगावर दिसत नाही. कणीक, तांदळाचं पीठ, रस्त्यावरची धूळ आणि नळाच्या पाण्याचे पांढरे क्षार मात्र गडद रंगावर लांबून दिसतात. म्हणजे तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल आणि समोर बांधकाम चालू असेल, तर काळं चकचकीत शटर म्हणजे रोजची एक्स्ट्रा ड्यूटी. त्यात तिरपं ऊन आलं की प्रत्येक बोटाचा ठसा चमकतो, सीआयडीवाल्यांना पावडर मारायलाही लागणार नाही. मॅट किंवा स्वीडसारखा किंचित खरखरीत फिनिश यातलं बरंच झाकतो. फार खोल टेक्श्चर मात्र नको, त्याच्या रेघांमध्ये फोडणीचा चिकटपणा जाऊन बसतो आणि मग टूथब्रश घ्यावा लागतो.

आणि बाहेरून कितीही काळं असू द्या, आतून कॅबिनेट पांढरं किंवा ऑफव्हाइटच करा. मागच्या कोपऱ्यातली जिऱ्याची पुडी दिसते आणि झुरळही दिसतं. दोन्ही दिसलेली बरी.

रंग कारणाने निवडावा, ही कल्पना काही माझी नाही. आजच्या फिटेड किचनची आजी म्हणता येईल असं 'फ्रँकफर्ट किचन' १९२६ मध्ये मार्गारेटे शुटं-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी आखलं. जर्मनीत फ्रँकफर्टच्या स्वस्त घरांमध्ये अशी जवळपास १०,००० किचन्स बसवली गेली. त्यांची कपाटं पांढरी नव्हती, निळसर हिरवी होती. का, तर त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता! माश्यांनी तो किती पाळला, देव जाणे. पण 'सध्या इन आहे' यापेक्षा माश्या हे कारण मला जास्त पटतं.

दिव्यांवर थोडे पैसे राखून ठेवा. वरच्या कॅबिनेटखाली एलईडी पट्टी, पुढच्या कडेला, म्हणजे तुमच्या डोक्याची सावली विळीवर पडणार नाही. रंग ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, ना पिवळाधमक ना हॉस्पिटलसारखा. खोक्यावर सीआरआय ९० लिहिलेलं असेल तर उत्तम. टोमॅटो टोमॅटोसारखा लाल दिसतो आणि दूध नासलंय का, तेही कळतं.

बुकिंग करताना एक प्रश्न नक्की विचारा, पण दुकानात नव्हे, बिल्डरच्या ऑफिसात: समोरच्या मोकळ्या जागेवर काय येणार आहे? 'समोर कायम ओपन राहील' हे सेल्समनचं वाक्य ऐकून ज्यांनी काळंभोर किचन केलं, त्यांच्यासमोर तीन वर्षांनी बावीस मजले उभे राहिल्याचं मी पाहिलंय. ऊन गेलं, कॉफी कलर राहिला. मंजूर लेआउट मागा, महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टची कागदपत्रं बघता येतात. समोरचा प्लॉट दुसऱ्याच कुणाचा असेल तर तो आज ना उद्या बांधला जाणारच, असं धरूनच रंग ठरवा.

आणि ऑर्डर देताना त्याच बॅचची एक जादा शीट मागून घ्या. गडद लॅमिनेटची शेड बॅचप्रमाणे किंचित बदलते आणि आठ बाय चारची शीट लॉफ्टमध्ये उभी मावत नाही, म्हणून ती आधीच कापून, दोन तुकडे करून ठेवायला सुताराला सांगा. पाच वर्षांनी सिंकखालचं एक शटर बदलावं लागतं तेव्हा तो कोड कॅटलॉगमधून बहुतेक गायब झालेला असतो.